लहान प्लॉटवर चौकाचं घर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याच्या उपनगरांत, नाशिक-सांगली-कोल्हापुरात स्वतःच्या छोट्या प्लॉटवर घर बांधणारी माणसं चौकाबद्दलचे, म्हणजे घरातल्या आकाशाला उघड्या अंगणाबद्दलचे, हे प्रश्न आम्हाला सतत पाठवतात. उत्तरांतले उन्हाचे आणि हवामानाचे आकडे मुख्यतः पुण्याचे आहेत. कोकण आणि मुंबईसाठी जिथे वेगळा विचार लागतो, तिथे तसं लिहिलं आहे.

१. माझा प्लॉट ३० बाय ४० फुटांचा आहे. एवढ्यात चौक बसतो का?

बसतो, पण खोल्यांची आखणी करण्याआधी चौक आखला तरच. आधी हॉल, किचन आणि तीन बेडरूम मांडायच्या आणि उरलेल्या जागेत चौक शोधायचा, असं केलं की हाती फक्त डक्ट (पाईपांसाठीची अरुंद, वरून उघडी जागा) येतो.

समजा, सामासिक अंतरं (प्लॉटच्या कडेने नियमाप्रमाणे मोकळी सोडायची जागा) सोडून तुम्हाला २२ बाय २८ फुटांवर बांधता येतं. म्हणजे ६१६ चौरस फूट. त्यात १० बाय १० चा चौक काढला की तळमजल्यावर ५१६ उरतात आणि दोन मजले मिळून हजाराच्या थोडं वर जातं. चार माणसांच्या कुटुंबाला हे पुरतं. अट एकच: घरात वेगळा पॅसेज ठेवायचा नाही. एरवी जी जागा अंधाऱ्या पॅसेजला जाते, तीच इथे चौकाच्या कडेने जाणारी वाट होते. जुन्या वाड्यात चौकाभोवतीचे सोपे, म्हणजे ओसऱ्या, हेच काम करत.

२. चौक आणि डक्ट यांत नेमका फरक काय? दोन्हीकडे वरून आकाशच दिसतं ना?

डक्टकडे घर पाठ करतं आणि चौकाकडे तोंड. डक्टमध्ये संडास-बाथरूमच्या खिडक्या आणि पाईप असतात. चौकात दार उघडतं, कुणी तिथे भाजी निवडत बसतं, वाळवण घालतं, मुलं पाण्यात खेळतात. म्हणून आखताना एकच ठरवा: दिवसातून निदान चार वेळा घरातलं माणूस या जागेत पाऊल ठेवेल का? उत्तर नाही असेल, तर तुम्ही मोठा डक्ट काढता आहात.

ड्रेनेजचे पाईप चौकाच्या भिंतीवर येऊ देऊ नका. प्लंबरला तीच जागा सर्वांत सोयीची वाटते, त्यामुळे हे नकाशावरच लिहून ठेवावं लागतं.

३. चौक कमीत कमी केवढा असावा?

चौकावरच उजेड-वाऱ्यासाठी अवलंबून असलेली खोली असेल, तर राष्ट्रीय इमारत संहितेनुसार आतल्या मोकळ्या जागेची रुंदी किमान ३ मीटर, म्हणजे जवळपास १० फूट हवी. शिवाय तिचं क्षेत्रफळ लगतच्या सर्वांत उंच भिंतीच्या उंचीच्या एक-पंचमांशाच्या वर्गाइतकं तरी हवं. दुमजली घरात हा दुसरा नियम सहज पाळला जातो, खरी अडचण ३ मीटरचीच असते.

महाराष्ट्रात मुंबई वगळता बहुतेक शहरांना डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. सामासिक अंतरं प्लॉटच्या आकारावर, रस्त्याच्या रुंदीवर आणि भाग दाट वस्तीचा आहे की नाही यावर बदलतात. त्यामुळे शेजाऱ्याचा मंजूर नकाशा तुमच्या उपयोगाचा नाही. आपल्या प्लॉटचं आपणच तपासून घ्या.

नियम बाजूला ठेवून अनुभवाचं सांगायचं, तर ८ फुटांच्या आत दोन खुर्च्या आणि एक कुंडी ठेवली की चौक भरतो.

४. एवढी जागा मोकळी सोडली तर एफएसआयचं (प्लॉटच्या प्रमाणात मिळणाऱ्या बांधकामाच्या परवानगीचं) नुकसान होतं ना?

आकाशाला उघडा असलेला चौक बांधीव क्षेत्रात धरत नाहीत. म्हणजे चौकात न वापरलेलं क्षेत्र तुमच्या नावावर शिल्लकच राहतं आणि उंची-समासांच्या नियमांत बसत असेल तर ते वरच्या मजल्यावर वापरता येतं. नुकसान होतं ते तळमजल्याच्या जागेचं, आणि ते खरं आहे. आजी-आजोबांची खोली, किचन, हॉल आणि मोटार हे सगळं तळमजल्यावरच हवं असेल, तर या चारांपैकी एकाला आकार कमी करावा लागतो. बहुतेक घरांत मोटारीची जागाच कमी करण्यासारखी असते.

नंतर चौकावर पक्कं छत घातलं तर हिशेब बदलतो. त्याबद्दल प्रश्न ९ पाहा.

५. चौक मधोमध असावा, मागे असावा की कडेला?

लहान प्लॉटवर आमचं उत्तर बहुतेक वेळा "कडेला" असंच असतं, आणि हे ऐकून लोकांचा हिरमोड होतो. मनात वाड्याचा चौसोपी चौक असतो. पण हिशेब बघा.

प्रश्न १ मधल्या २२ बाय २८ च्या घराला बाहेरून १०० फूट भिंत लागते. मधोमध १० बाय १० चा चौक काढला की ऊन-पाऊस झेलणारी आणखी ४० फूट भिंत वाढते. त्याऐवजी घराच्या एका लांब बाजूला १० फूट लांब आणि ६ फूट खोल खाच घ्या. बाजूचं सामासिक अंतर ४ फूट असेल, तर दोन्ही मिळून १० बाय १० ची मोकळी जागा तयार होते. तुम्ही दिले फक्त ६० चौरस फूट आणि भिंत वाढली जेमतेम १२ फूट. तीन बाजूंना घर, चौथ्या बाजूला कंपाउंडची भिंत. एरवी फक्त पाण्याचा पाईप टाकण्यापुरती उरणारी बाजूची पट्टी अशी घराच्या कामाला येते. मात्र सामासिक अंतरावर काहीही बांधता येत नाही, ती पट्टी कायम मोकळीच ठेवायची.

मधला चौक घ्यावा तो दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्याला लागून असलेल्या अरुंद, लांब प्लॉटवर. तिथे उजेडाला दुसरी वाटच नसते. जपानमधल्या ओसाका शहरात तादाओ आंदो यांनी १९७६ मध्ये बांधलेलं सुमियोशीचं घर असंच आहे. जागा सुमारे ५७ चौरस मीटर, लांबीचे तीन भाग केलेले आणि मधला भाग पूर्ण उघडा. पुण्याच्या पेठांमधल्या अरुंद प्लॉटच्या मालकांनी त्याचा नकाशा जरूर पाहावा.

मागचा चौक म्हणजे परसदार. किचन मागे असेल तर तो उत्तम. पण पुढच्या हॉलला त्याचा काहीच उपयोग होत नाही.

६. चौकात ऊन येईल का? हिवाळ्यात हवं असतं आणि उन्हाळ्यात नको असतं.

पुणे साधारण १८.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरच्या आसपास भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे, क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो. मेच्या मध्यावर आणि जुलैच्या शेवटी तो अगदी डोक्यावर येतो, आपण शून्य सावलीचा दिवस म्हणतो तो हाच. या दोन टोकांवर चौकाचं सगळं ऊन ठरतं.

चौक दक्षिणोत्तर १० फूट आणि दोन्हीकडच्या भिंती २० फूट उंच असतील, तर डिसेंबरमध्ये दुपारचं ऊन उत्तरेच्या भिंतीवर जमिनीपासून ९ फुटांपर्यंतच उतरतं. म्हणजे वरच्या मजल्याला ऊन मिळतं, तळमजल्याला नाही. दक्षिणेकडचा भाग एकमजली ठेवला, म्हणजे १० फूट, तर त्याची सावली ९ फुटांवर संपते. मग ऊन फरशीच्या शेवटच्या फुटावर पडतं आणि दार उघडं असेल तर उत्तरेच्या खोलीत शिरतं.

म्हणून आमचा आग्रह असा: दक्षिणेकडची बाजू बुटकी ठेवा, दुसरा मजला उत्तरेला चढवा. दक्षिणेकडच्या गच्चीला भरीव पॅरापेट (कठडा) बांधू नका, तीन फूट भिंत म्हणजे जवळपास तीन फूट सावली. पाईपचं रेलिंग लावा. नकाशावर ही गोष्ट फुकट मिळते. घर उभं राहिल्यावर कितीही पैसे घातले तरी मिळत नाही.

उन्हाळ्यात दुपारी बारा ते दोन ऊन थेट फरशीवर येणारच. त्यासाठी मार्च ते मे सुती किंवा हिरव्या जाळीचं कापड वर ओढता येईल असे हूक आधीच भिंतीत बसवून घ्या. जूनमध्ये कापड काढून ठेवायचं.

७. चौकामुळे घर खरंच थंड राहतं का?

पुणे, नाशिक, सोलापूर, छत्रपती संभाजीनगरकडे राहतं. मुंबई-रत्नागिरीकडे वेगळं आहे.

पुण्यात एप्रिलमध्ये दुपारी ३८ अंशांच्या आसपास असलेला पारा पहाटे २०-२१ वर येतो. रात्री चौकाची फरशी आणि भिंती उघड्या आकाशाकडे उष्णता सोडतात, गार हवा जड म्हणून खाली चौकात साठते आणि खोल्यांत पसरते. यासाठी दोन गोष्टी पाळाव्या लागतात. रात्री चौकाकडची दारं-खिडक्या उघड्या ठेवायच्या आणि सकाळी नऊ-दहाला बाहेरच्या खिडक्या बंद करायच्या. आपल्या आज्या हेच करत होत्या.

मुंबईत मे महिन्यात दिवसा ३३ आणि रात्री २७. एवढ्याशा फरकात गारवा साठत नाही. तिथे वाराच कामाचा. चौकाकडे उघडणाऱ्या प्रत्येक खोलीला समोरच्या बाहेरच्या भिंतीतही खिडकी हवी, शक्यतो पश्चिमेकडे, नाहीतर चौक दमट विहीर होतो.

८. पावसाळ्यात काय? घरात पाणी येणार नाही ना?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे आणि भीती रास्त आहे.

आधी पाण्याचा हिशेब. १०० चौरस फुटांच्या चौकात १०० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे ९३० लिटर पाणी जमतं. ते काही फार नाही. पण ५०० चौरस फुटांच्या गच्चीचं पाणी त्याच चौकात सोडलं, तर वरून आणखी साडेचार हजार लिटरवर पाणी येतं. म्हणून गच्चीचं पाणी बाहेरच्या बाजूने पन्हळीतून उतरवा आणि थेट जमिनीत मुरवण्याच्या खड्ड्यात किंवा टाकीत न्या. चौकात फक्त चौकाचा पाऊस पडू दे.

चौकाची फरशी घराच्या फरशीपेक्षा एक पायरी, म्हणजे सहा इंच खाली हवी. उतार १० फुटांना दीड इंच. पाणी जायला वाटा दोन ठेवा. एक पानांनी बुजली की दुसरी हवी, आणि ती बुजते ती नेमकी मुसळधार पावसात, घरात कुणी नसताना. दुसरी वाट दोन इंच वर ठेवली की पहिली तुंबल्यावरच ती चालू होते आणि तिथून पाणी वाहताना दिसलं की पहिली साफ करायची वेळ झाली हे कळतं. पाईप शक्यतो जमिनीखालून सरळ न्या, वळण आलं की तिथे उघडता येईल असं चेंबर करा.

आता आडव्या पावसाचं. आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो. म्हणजे चौकाच्या पूर्वेच्या आणि उत्तरेच्या भिंतींवर सपकारे बसतात. छज्जा त्याच दोन बाजूंना घ्या, दोन-अडीच फूट. चारी बाजूंना दीड-दीड फूट घेतलात तर १० बाय १० चं आकाश ७ बाय ७ होतं, निम्मं गेलं. उत्तरेच्या छज्जाने हिवाळ्याचं ऊन फारसं अडत नाही, दोन फुटांच्या छज्जाची सावली तेव्हा भिंतीवर सव्वादोन फूटच उतरते.

आणि एक गोष्ट आखणीतच: झोपायची खोली आणि संडास यांच्यामध्ये उघडा चौक येऊ देऊ नका. सुमियोशीच्या घरात पावसात छत्री घेऊन जावं लागतं. वास्तुरचना म्हणून ते घर मोठंच आहे, पण सत्तरीच्या आईला जुलैतल्या रात्री ते सांगता येत नाही. चौकाची एक तरी बाजू वरून झाकलेली, तीन-साडेतीन फुटांची वाट असावी.

९. एवढं करण्यापेक्षा वर काच किंवा पॉलिकार्बोनेटचं छत टाकलं तर?

कृपया टाकू नका. चौक काढून देणारी माणसं आम्ही, त्यामुळे तीन-चार वर्षांनी त्याच घरात जाऊन वर पिवळी पडलेली शीट पाहणं जिवाला लागतं.

शीट टाकली की रात्री आकाशाकडे उष्णता जाणं थांबतं आणि दिवसा ऊन आत येऊन अडकतं. प्रश्न ७ मधला गारवा उलटा होतो. पावसात पत्र्यासारखा आवाज येतो. धूळ आणि शेवाळ धरतं, वर चढून धुणं कुणालाच जमत नाही. शिवाय छत घातलेली जागा बांधीव क्षेत्रात धरली जाऊ शकते, म्हणजे मंजुरीचा प्रश्न उभा राहतो.

छत टाकावंसं वाटतं त्याचं कारण बहुतेक वेळा आखणीत असतं: घरातली जाण्या-येण्याची एकमेव वाट चौकातून गेलेली असते किंवा छज्जा चुकीच्या बाजूला असतो. वाट झाकलेली असेल तर चौक भिजला तरी कुणाची अडचण होत नाही. टाकायचंच असेल तर भिंतीपासून दीड-दोन फूट वर उचलून, चारी बाजूंनी वारा जाईल असं टाका.

१०. डास, कबुतरं आणि चोर यांचं काय?

डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला त्याला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून कुंड्यांच्या ताटल्या आणि पाण्याची सजावट आठवड्यातून एकदा पूर्ण कोरडी करायची. छोट्या चौकात पाण्याचा हौद नकोच, हवाच असेल तर त्यात गप्पी मासे सोडा. जाळी चौकावर लावण्यापेक्षा चौकाकडे उघडणाऱ्या दारा-खिडक्यांना लावा.

चोरांसाठी वर १२ मिलिमीटरच्या सळ्या १२५ मिलिमीटर अंतराने लावल्या तर उजेडाचा जेमतेम दहावा भाग अडतो. याच सळ्यांवर कबुतरांसाठी नायलॉनची जाळी ताणता येते. ग्रिलचा एक भाग कुलपाचा ठेवा, साफसफाईसाठी आणि अडीअडचणीत बाहेर पडण्यासाठी.

११. उद्या शेजारी चार मजले चढवले तर?

चढवणार, असं धरूनच आखा. शेजारच्या रिकाम्या प्लॉटकडून येणारा उजेड आपला नाही. तीन गोष्टी हातात असतात. चौकाच्या भिंतींचा वरचा अर्धा भाग पांढरा ठेवा, चुन्यासारखा, चकाकणारा नको. चौकाकडच्या खिडक्यांचा माथा जितका उंच तितका उजेड खोल जातो, साधारण माथ्याच्या उंचीच्या दीड ते दोन पट. आणि दोन घरांचं पटत असेल तर आपली बाजूची खाच शेजाऱ्याच्या खाचेसमोर ठेवा. मोकळी जागा दुप्पट होते, पैसा कुणाचाच जात नाही. फक्त खिडक्या समोरासमोर न ठेवता थोड्या सरकवून घ्या.

१२. दुमजली चौकात आवाज घुमतो का?

घुमतो. खाली कुकरची शिट्टी झाली की वर अभ्यास करणाऱ्या मुलाला ऐकू येते. समोरासमोरच्या दोन गुळगुळीत भिंतींपैकी एकीवर उघडं वीटकाम, वेल किंवा लाकडी जाळी ठेवली की बराच फरक पडतो.

१३. चौकात कोणतं झाड लावावं?

वड, पिंपळ, उंबर कधीच नाही. पक्ष्यांनी टाकलेलं बी भिंतीत उगवलं तर लगेच काढा. पांढरा चाफा आम्हाला आवडतो: मुळं आवरती, उंची हाताखालची, आणि हिवाळ्यात पानं गाळतो, म्हणजे ऊन हवं तेव्हा वाटेतून बाजूला होतो. पारिजातकही चांगला, पण पडलेली फुलं गोळा करायला घरात कुणीतरी सकाळी उठणारं हवं. सावलीच्या चौकात पानवेल आणि अळू छान येतात.

तुळशीला मात्र रोज काही तास थेट ऊन लागतं. खोल चौकाच्या मध्यावर बांधलेलं वृंदावन सुंदर दिसतं आणि दर हिवाळ्यात तुळस वाळते. वृंदावन उत्तरेच्या भिंतीकडे सरकवा, ओटा उंच करा. तरीही ऊन पोचत नसेल तर तुळस कुंडीत ठेवून गच्चीवर न्या.

१४. वास्तुशास्त्राप्रमाणे ब्रह्मस्थान मोकळं हवं म्हणतात. कडेचा चौक चालेल का?

घराचा मध्य मोकळा ठेवावा हा त्यातला विचार. कडेच्या चौकाच्या आखणीतही घराचा मध्य मोकळा ठेवता येतो: तिथे कॉलम, जिना, संडास घेऊ नका, जेवणाची किंवा बसायची जागा ठेवा आणि ती चौकाकडे उघडा. घरातल्या मोठ्यांशी हे बोलणं नकाशा कागदावर असतानाच करा. पाया खणल्यावर चौक ईशान्येला हलवा म्हणणारे निरोप आम्हाला आले आहेत, आणि त्यात सगळ्यांचंच मन दुखावतं.

१५. खर्च किती वाढतो?

ठरावीक आकडा देत नाही, कारण तो भिंतीवर अवलंबून आहे. प्रश्न ५ मधला हिशेब पुन्हा पाहा: मधला चौक म्हणजे बाहेरच्या भिंतीत ४० टक्के वाढ, कडेचा म्हणजे १२. वाढलेल्या भिंतीला प्लास्टर, रंग, खिडक्या, वॉटरप्रूफिंग हे सगळं लागतं. त्या बदल्यात तेवढा स्लॅब वाचतो. पैसे कमी असतील तर मोठ्या सरकत्या काचा वगळा, साधी लाकडी किंवा लोखंडी दारं लावा. चौकाच्या फरशीला पॉलिश न केलेला शहाबाद पुरतो, ओल्यात पाय घसरत नाही. गुळगुळीत टाईल्स तिथे नकोतच.

१६. माझा प्लॉट पाचशे-सहाशे चौरस फुटांचाच आहे. मग चौक विसरायचा का?

एकट्याने जमणं कठीण, पण चार-पाच घरांनी मिळून जमेल. नवी मुंबईत बेलापूरला चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात आखलेल्या वसाहतीत प्लॉट साधारण ४५ चौरस मीटरपासूनचे, लहानच आहेत. सात घरं ८ बाय ८ मीटरच्या एका सामाईक अंगणाभोवती मांडली आणि कोणत्याही दोन घरांत भिंत सामाईक ठेवली नाही, म्हणजे प्रत्येकाला आपलं घर वाढवता यावं. भावाभावांनी एक प्लॉट वाटून घेताना मधोमध भिंत घालण्याआधी एकदा तिथे चक्कर मारून यावी.

१७. आमच्या वाड्याची वाटणी झाली, चौक "सामाईक" आहे. माझ्या हिश्शाच्या घराच्या खिडक्या त्यात उघडता येतील का?

आधी मिळकत पत्रिका आणि वाटणीपत्र पाहा. सामाईक चौकावर सगळ्या हिस्सेदारांचा हक्क असतो, त्यामुळे नवी खिडकी, छज्जा, पाईप यांसाठी त्यांची लेखी संमती घ्या, तोंडी नको. दुसऱ्या हिस्सेदाराने उद्या चौक झाकायचा म्हटलं तर तुमचा उजेड जाईल. म्हणून प्रत्येक खोलीला दुसऱ्या बाजूने निदान एक खिडकी ठेवा.

१८. घर बांधून झालंय. आता चौक काढता येईल का?

स्लॅबला भोक पाडून नाही, बीम कुठे आहेत हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहिल्याशिवाय तर मुळीच नाही. पण अनेक घरांत मागच्या किंवा बाजूच्या समासात नंतर टाकलेलं पत्र्याचं शेड असतं, धुण्याचं किंवा अडगळीचं. ते काढा, लगतच्या खोलीची खिडकी खाली फरशीपर्यंत आणून दार करा (लिंटेल, म्हणजे खिडकीवरची आडवी तुळई, तसाच राहू द्या), शहाबाद घाला, एक चाफा लावा. सहा फूट रुंद जागा मिळाली तरी किचनमध्ये दिवसा दिवा लावावा लागत नाही.